चोपड्याहून मोशीला: टांझानियातल्या शाळेतलं एक वर्ष

डिसेंबर 2024 मध्ये घरी परत आले आणि तेव्हापासून चार-पाच जणींनी तरी फोन करून विचारलं की तू तिकडे गेलीस कशी, पैसे किती लागले, एकटी राहिलीस का, घरच्यांनी सोडलं कसं. प्रत्येकीला अर्धवट सांगून होतं आणि मग काहीतरी महत्त्वाचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझ्याबद्दल. मी चोपडा तालुक्यातली. घरात अहिराणी, शाळा मराठी, आणि अकरावी सायन्सला गेले तेव्हा एकदम सगळं इंग्रजी. बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत मानधनावर विज्ञान-गणित शिकवत होते. तिथली पोरं पावरा समाजाची, घरी पावरी बोलणारी, वर्गात मराठी. म्हणजे त्यांच्यासाठी मराठीच परकी. हे आत्ता सांगतेय कारण पुढे याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ऑक्टोबर 2022 मध्ये बाहेर जाऊन शिकवायचं डोक्यात आलं. नेटवर शोधलं तर पहिल्यांदा एजन्स्याच सापडल्या. एकीने चार आठवड्यांसाठी दीड लाख 'प्रोग्राम फी' सांगितली, विमानाचं तिकीट वेगळं. मी विचारलं, यातले शाळेला किती जातात, तर तीन मेल करूनही उत्तर नाही. तिथेच सोडलं. तुम्हीही हा एक प्रश्न विचाराच, उत्तर काय येतं आणि येतं का, यावरून बरंच कळतं. दुसरं म्हणजे चार आठवड्यांत पोरांची नावं पाठ होत नाहीत, शिकवणार काय.

शेवटी बी.एड.च्या आमच्या मॅडमच्या ओळखीतून उत्तर टांझानियातल्या मोशी गावाजवळच्या एका माध्यमिक शाळेचा पत्ता मिळाला. मोशी म्हणजे किलिमांजारो डोंगराचा पायथा. फेब्रुवारी 2023 मध्ये मुख्याध्यापकांशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पगार नाही, शाळेच्या आवारात खोली देऊ, दुपारचं जेवण मुलांबरोबर, बाकी खर्च तुमचा, पण यायचं तर पूर्ण वर्षासाठी या. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. मला हा सरळपणा आवडला.

आई दोन दिवस बोलली नाही. आप्पांनी फक्त नकाशा काढून बघितला. आजी म्हणाली, "तठे तुले कोन शे व माय?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

आता कागदपत्रं. एप्रिलमध्ये पासपोर्टचा फॉर्म भरला, फी 1500 रुपये, अपॉइंटमेंट नाशिकच्या केंद्रात मिळाली. पासपोर्ट आल्यावर त्याच पोर्टलवरून पोलीस क्लिअरन्स, त्याचे 500. इथपर्यंत सगळं सुरळीत. अडलं कुठे, तर नावात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि एका जुन्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावातलं एक अक्षरच वेगळं. त्या एका अक्षरासाठी जून-जुलै हे दोन महिने गेले. एका कार्यालयात सांगितलं अ‍ॅफिडेव्हिट चालेल, दुसऱ्या खिडकीवर म्हणाले मूळ सर्टिफिकेट दुरुस्त करून आणा. पाच चकरा झाल्या, दर वेळी एसटी आणि एक दिवस बिनपगारी. चौथ्या चकरेनंतर मी स्टँडवर बसून रडले, खरंच. मग एका लिपिक ताईंनी जवळ बसवून अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं आणि काम झालं. तुम्हाला कधी बाहेर जायचं असो-नसो, दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री, आधार, पासपोर्ट चारही समोर ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर आजच जुळवून बघा. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा.

व्हिसाबद्दल नीट वाचा. टांझानियाचा टुरिस्ट ई-व्हिसा सहज मिळतो आणि काही जण सांगतात की त्यावरच जा, कोण विचारतंय. असं अजिबात करू नका. पैसे न घेता शिकवलं तरी ते तिकडे कामच धरतात आणि टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही. स्वयंसेवक, विद्यार्थी, संशोधक अशांसाठी 'क्लास सी' नावाचं रेसिडेन्स परमिट असतं, त्याचा अर्ज बोलावणाऱ्या संस्थेने करायचा. माझा अर्ज शाळेने ऑगस्टमध्ये भरला, मंजुरी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. फी डॉलरमध्ये असते, आमच्यात अर्धी शाळेने आणि अर्धी मी असं ठरलं होतं. हे ठरलेलं मेलवर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि परमिट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, मी मोह आवरला ते बरं झालं, कारण मंजुरी सप्टेंबरमध्येच येईल असं सगळे म्हणत होते.

माझं विमान मुंबई-अदिस अबाबा-किलिमांजारो असं होतं. इथियोपियामार्गे जात असल्यामुळे यलो फीवरची लस घ्यावी लागली, कारण तिथून परत भारतात येताना सर्टिफिकेट मागतात. ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं. मी 5 डिसेंबरला मुंबईत जाऊन घेतली. त्या पिवळ्या पुस्तिकेवर पासपोर्ट नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून तपासा.

सामान बांधताना आईने बिबड्या, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ असं सगळं कॅरीबॅगांमध्ये बांधून ठेवलं होतं. आदल्या रात्री कळलं की टांझानियात 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, प्रवाशांनासुद्धा. मग आजीच्या जुन्या नऊवारीच्या पिशव्या शिवल्या, रात्री साडेबारापर्यंत आई मशीनवर. त्या पिशव्या वर्षभर बाजाराला वापरल्या.

29 डिसेंबर 2023 ला निघाले. तिकीट परतीसकट 58 हजार, विमा साधारण 11 हजार. डॉलर नेताना नव्या, न दुमडलेल्या नोटा घ्या, जुन्या सालच्या नोटा तिकडे घेत नाहीत.

पहिले पंधरा दिवस मी फक्त ऐकत होते. ऐकता ऐकता लक्षात आलं की शब्द ओळखीचे आहेत. दुकानाला दुका, साबणाला साबुनी, लाखाला लाकी, गोणीला गुनिया, विम्याला बिमा, गाडीला गारी, चहाला चाय, चपातीला चपातीच. मक्याला माहिंदी म्हणतात आणि भारतीय माणसाला म्हिंदी. पण नात्यांमध्ये घोळ होतो. शेजारची बाई मला 'दादा' म्हणाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. तिथल्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. आजीला फोनवर सांगितलं की इथे मामा म्हणजे माय, तर तिने ते चार जणींना सांगितलं.

मोठ्यांना नमस्कार 'शिकामो', आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं 'मराहाबा'. शाळेतले शिक्षक म्हणायचे, याचा अर्थ मी तुमचे पाय धरते. वाटेत भेटणारं प्रत्येक पोरगं 'शिकामो म्वालिमू' म्हणायचं. म्वालिमू म्हणजे गुरुजी. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे पेशाने शिक्षक होते आणि आजही सगळे त्यांना म्वालिमूच म्हणतात. मी स्टाफरूममध्ये सांगितलं की माझ्या गावाशेजारी अमळनेरला एक शिक्षक होते, त्यांनाही लोक नुसतं गुरुजीच म्हणायचे. साने गुरुजी नाव दोघांनी वहीत लिहून घेतलं.

वेळेचा घोळ मात्र महागात पडला. दुसऱ्या आठवड्यात परमिटच्या कागदावर सही करायला मुख्याध्यापकांबरोबर जायचं होतं, निरोप आला 'सा तातू', म्हणजे तीन वाजता. मी दुपारी तीनला तयार होऊन ऑफिसच्या दारात. ते सकाळी नऊपासून दीड तास वाट बघून एकटेच जाऊन आले होते. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, म्हणून सकाळचे सात म्हणजे एक वाजले, नऊ म्हणजे तीन. मला फार ओशाळल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत, 'पोले' म्हणाले. पोले हा शब्द मला फार आवडतो. तुम्हाला ठेच लागली, पाऊस लागला, ओझं उचललं, काहीही त्रास झाला की समोरचा पोले म्हणतो, चूक त्याची नसली तरी. त्यानंतर मी प्रत्येक वेळ सांगताना घड्याळावर बोट ठेवून विचारायचे. तुम्हीही तसंच करा.

रोजचं बाकी सांगायचं तर वीज प्रीपेड, मोबाइलवर पैसे भरले की वीस आकड्यांचा नंबर येतो तो मीटरमध्ये टाकायचा. सिमकार्डाला बोटांचे ठसे आणि पासपोर्ट लागतो. बाजारात भाजीवालीलासुद्धा पैसे मोबाइलवरूनच. तेव्हा रुपयाला साधारण तीस शिलिंग धरायचे, आणि हिशोब करताना पहिला महिना मी प्रत्येक गोष्टीला तीसने भागत बसायचे. सुरुवातीला लोडशेडिंग फार होतं, त्याची आपल्याला सवय आहेच.

दुपारी मुलांबरोबर उगाली आणि माहारागे, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा आणि राजम्यासारख्या दाण्यांची पातळ उसळ. पहिले दोन महिने घशाखाली उतरायला त्रास झाला. मग चटणी संपत आली तशी मी बाजार धुंडाळायला लागले आणि म्चिचा नावाची पालेभाजी दिसली, हातात घेतली तर आपला तांदुळजा. लसूण-मिरचीवर परतला आणि डोळ्यांत पाणी आलं. वांग्याला बिलिंगान्या म्हणतात. एका रविवारी कोळशाच्या शेगडीवर, म्हणजे जिकोवर, चार वांगी भाजायला ठेवली. साल काळी पडून फुटायला लागली तशी शेजारच्या मामा धावत आल्या, त्यांना वाटलं मी विसरले आणि जळाली. मी साल सोलून आतला गर दाखवला, पाटा मिळत नाही म्हणून ओली मिरची आणि लसूण लाकडी उखळात कुटलं, कांद्याची पात, शेंगदाणे घातले. त्यांनी उगालीचा तुकडा बोटांनी खोलगट करून त्यात भरीत घेतलं, खाल्लं, काही बोलल्या नाहीत, आणि घरी जाऊन आपल्या दोन पोरांना घेऊन आल्या. पुढे दर पंधरा दिवसांनी त्याच वांगी आणायच्या. खान्देशात भरीत जसं शेतात माणसं जमवून करतात तसंच झालं ते.

डोंगराच्या उतारावर चाग्गा लोकांच्या बागा आहेत, केळी आणि तिच्या सावलीत कॉफी. केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला केळी बघून काय वाटतं हे मी सांगायला नको. पण मला जास्त हलवलं ते पाटांनी. वरच्या ओढ्यांचं पाणी हातांनी खणलेल्या चाऱ्यांतून बागांमध्ये आणतात, पाळ्या ठरलेल्या, दुरुस्ती सगळ्यांनी मिळून. माझ्या मामाचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, तिथली फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी पाळीने वाटून घेणं, मी लहानपणी पाहिलेली. मी तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोबाइलवर फडाच्या पाटाचा फोटो दाखवला तर ते म्हणाले, पाळी चुकवली तर तुमच्याकडे दंड काय?

आता शाळा. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, आणि शाळेच्या आठव्या वर्षी, म्हणजे फॉर्म वनला, एका जानेवारीत सगळे विषय इंग्रजीत. तेरा-चौदा वर्षांची पोरं. माझ्याकडे फॉर्म वनचं बायोलॉजी आणि फॉर्म थ्रीचं गणित आलं. फॉर्म वनच्या वर्गात 58 मुलं, चौघांत एक पुस्तक. मी शिकवायचे, पोरं फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. प्रश्न विचारला की सगळे खाली बघायचे. एका सहकाऱ्याने काठी आणून दिली, म्हणाले ही ठेवा, बोलायला लागतील. मी नाही घेतली. मला ती मान खाली घालणं माहीत होतं. अकरावीत सरांनी 'फोटोसिंथेसिस' म्हणजे काय विचारलं होतं आणि मी गप्प उभी राहिले होते, सगळा वर्ग बघत होता. प्रकाशसंश्लेषण मला सातवीपासून पाठ होतं. तेच हे आहे एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी फॉर्म वनला झाडांच्या पानांतून वाफ कशी जाते ते शिकवायचं होतं. मी मोशीच्या बाजारातून घेतलेला कांगा, तिथलं सुती कापड, ओला करून खिडकीवर टाकला. ऊन होतं, पंधरा मिनिटांत कोपरा वाळला. आधी इंग्रजीत विचारलं, पाणी कुठे गेलं. शांतता. मग मोडक्या स्वाहिलीत, आदल्या रात्री घोकलेलं, "माजी यानाएंदा वापी?" तिसऱ्या बाकावरची एक बारीक मुलगी, सहा आठवड्यांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती उभी राहिली आणि म्हणाली, "यानाकुवा म्वुके, म्वालिमू." त्याची वाफ होते. आणि थांबली नाही, सूर्य, पान, हवा, सगळं भरभर बोलली, अर्धं मला समजलंही नाही. मागून तीन-चार जण तिला दुरुस्त करायला लागले. वर्गात पहिल्यांदा भांडण झालं, विज्ञानावरून.

त्या संध्याकाळी मी वही आखली. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात स्वाहिली, तिसऱ्यात चित्र. शब्द पोरांनीच द्यायचे. फोटोसिंथेसिसला त्यांच्याकडे शब्द होताच, 'उसानिसिनुरू', प्राथमिकच्या पुस्तकातला. त्यातला नुरू म्हणजे उजेड, आपला नूर. परीक्षा इंग्रजीतच असते त्यामुळे इंग्रजी सोडून चालणार नव्हतं, पण आधी कळू दे आणि मग इंग्रजीत म्हणू दे, असा क्रम ठेवला. प्रत्येक तासाला पाच-सहा शब्द. सगळ्या शिक्षकांना ते पटलं नाही, एकांचं म्हणणं होतं की अशाने पोरांचं इंग्रजी कच्चं राहील. त्यांच्याशी मी बऱ्याचदा वाद घातला आणि त्यांचीही बाजू होती, कारण नोव्हेंबरच्या बोर्डाच्या पेपरात स्वाहिली लिहून चालत नाही. फॉर्म थ्रीच्या गणितात मला ते जमलंही नाही, पोर्शनच इतका होता की शेवटचे दोन धडे घाईत उरकले, त्याचं अजून वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये मोठा पाऊस सुरू होता, त्यातच ताप भरला. थंडी वाजून दात वाजायला लागले. दवाखान्यात बोटाच्या रक्ताची टेस्ट, वीस मिनिटांत मलेरिया निघाला, तीन दिवसांच्या गोळ्या. मच्छरदाणी होती पण तिचा एक कोपरा फाटलेला होता आणि मी आज शिवू उद्या शिवू करत राहिले. सुई-दोरा न्या आणि पहिल्याच दिवशी मच्छरदाणी उजेडात धरून बघा. त्या चार दिवसांत शेजारच्या मामा दोन्ही वेळा भाताची पेज आणायच्या, दाराबाहेरून 'होडी' म्हणायच्या, म्हणजे येऊ का, आणि मी आतून 'कारिबू' म्हणायचे. वर्गातली पोरं खिडकीशी येऊन 'पोले म्वालिमू' म्हणून जायची. आईला हे सगळं बरी झाल्यावरच सांगितलं. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा फोनवरच दिलं, की आजी, इथे माझे कोण आहेत ते मोजायला लागले तर तुझी बोटं पुरणार नाहीत.

एकूण खर्च वर्षाचा सगळा धरून एक लाख नव्वद हजारांच्या आसपास गेला, सगळी आश्रमशाळेतली शिल्लक. निघायच्या महिनाभर आधी परमिटच्या शेवटच्या तारखेवर लक्ष ठेवा, शाळेकडून काम पूर्ण केल्याचं पत्र लेटरहेडवर घ्या, सही-शिक्क्यासकट.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा सुटली. वही तिथेच ठेवायची असं मुलांनी ठरवलं, म्हणून मी पानांचे फोटो काढून घेतले, 143 पानं. मुंबईला उतरल्यावर पिवळी पुस्तिका खरंच मागितली. घरी पोचले तर आजी ओट्यावर बसलेली, मी पाया पडून शिकामो म्हटलं, आणि फोनवर वर्षभर ऐकून तिला ते पाठ झालेलं, "मराहाबा, माय. जेवनी का?"

जानेवारीत आश्रमशाळेत परत रुजू झाले. पहिल्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखले: मराठी, पावरी, चित्र. 'बाष्पीभवन' लिहिलं आणि खडू मागच्या बाकावरच्या पोराच्या हातात दिला.